जुनी आइस्क्रीमची दुकानं: जपायची की जाऊ द्यायची?

शिवाजीपार्क_७४

गेल्या आठवड्यात दादरला गेलो होतो. लहानपणापासून ज्या दुकानात आइस्क्रीम खाल्लं, त्याच्यासमोर पत्रे ठोकलेले दिसले. इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मालकांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्या भागात वाढलेल्यांना खुणेवरून कळेल: चार संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, एका भिंतीवर डाग पडलेला मोठा आरसा आणि स्टीलचे उंच दांडीचे कप. कपात दोन गोळे आणि त्यांत खोचलेलं एक वेफर बिस्कीट.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी वडिलांनी आम्हा दोघा भावंडांना तिथे कसाटा खायला घातला होता. खाली केकचा थर, वर तीन रंग, कडेला काजूचा चुरा. बहीण केकचा थर नेहमी शेवटी खायची आणि तोवर आइस्क्रीम वितळून तो भिजलेला असायचा. तिला तसाच आवडायचा. आम्ही तासभर बसलो होतो. कुणी उठा म्हणालं नाही, बिलही मागितल्यावरच आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या दुकानात आइस्क्रीम हे निमित्त होतं, विकत मिळायची ती बसायची जागा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत होती, तेव्हा बहिणीला पाहायला आलेल्या मुलाशी तिला दोन शब्द बोलता आले ते याच टेबलावर. आज तेच आइस्क्रीम मोबाईलवरून मागवलं की दहा-पंधरा मिनिटांत घरी येतं, पण बसायचं कुठे? चर्चगेटचं के. रुस्तम १९५३ पासून आहे, भेंडी बाजारातलं ताज १८८७ पासून. ही दुकानं शहराने वाचनालयासारखी जपायला हवीत. पालिकेने त्यांच्यासाठी काही सवलत द्यावी, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

ऋतुजा_ठाणे

काका, आठवण सुंदर आहे, पण मत पटलं नाही. आइस्क्रीम निमित्त होतं असं आपण म्हणतो, कारण बऱ्याच दुकानांत ते खरोखरच यथातथा होतं. स्ट्रॉबेरी म्हणजे गुलाबी रंग आणि इसेन्स, पिस्ता म्हणजे हिरवा रंग आणि बदामाचा वास. टुटी-फ्रुटीतले लाल-हिरवे तुकडे कच्च्या पपईचे असतात हे मला कॉलेजात कळलं. मुंबईत घरोघरच्या लोकांना शहाळं, फणस, चिकू यांच्या आइस्क्रीमची गोडी लागली ती १९८४ मध्ये रघुनंदन कामत यांनी जुहूला नॅचरल्स सुरू केल्यावर. फळविक्रेत्याचा मुलगा, त्याला फळ कळत होतं. चांगला पदार्थ आला आणि लोक तिकडे गेले, यात दुःख करण्यासारखं काय आहे?

आणि रुस्तमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे बसायला जागा कुठे आहे? दोन पातळ बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची वडी घालून देतात आणि लोक फुटपाथवर उभे राहून, हात चिकट करत खातात. तरी रात्री गर्दी असते. म्हणजे लोक पदार्थासाठी येतात, खुर्चीसाठी नाही.

पेठकरी

ऋतुजाताईंशी सहमत. आमच्या पुण्यात निंबाळकर तालमीच्या चौकात सुजाता मस्तानीसमोर एप्रिलमधल्या रात्री उभं राहून बघा. लोक गाडीच्या सीटवर ग्लास ठेवून खातात. आंब्याचं घट्ट मिल्कशेक, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, वर सुकामेवा. आधी चमच्याने गोळा खायचा की ढवळायचं यावर घराघरात दोन पक्ष आहेत. मस्तानी पहिल्यांदा कुणी केली यावर पेठांमध्ये अजून वाद चालतो, आणि ज्या पदार्थावरून भांडण होतं त्याला सवलतीची गरज नसते. दुकान टिकतं ते पदार्थावर.

मीठबर्फ

इसेन्सवाल्या दुकानांचा मीही भक्त नाही. पण ऋतुजाताई, फळांचं आइस्क्रीम १९८४ ला जन्माला आलं असं समजू नका. भेंडी बाजारात सीताफळाचा गर घालून हाताने फिरवलेलं आइस्क्रीम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आमच्याकडेही उन्हाळ्याच्या सुट्टीत पॉट भाड्याने आणायचे. लाकडी बादली, आत पत्र्याचं उभं भांडं, वर दांडा. गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून धोपटण्याने फोडायची आणि भांड्याभोवती एक थर बर्फ, एक थर खडेमीठ असं भरत जायचं. मीठ लागलं की बर्फ वितळतो, आणि वितळताना शेजारच्या दुधातली उष्णता ओढून घेतो. नुसत्या बर्फाने दूध शून्याच्या आसपास अडकून बसतं. मिठाने बाहेरचं पाणी त्याच्याही दहा-बारा अंश खाली जातं, तेव्हा कुठे ते गोठायला लागतं.

सुरुवातीला दांडा लहान पोरंही फिरवायची. मग तो जड व्हायला लागला की मोठे पुढे यायचे, शेवटी काका एका पायाने बादली दाबून धरून फिरवायचे. दांडा अडला म्हणजे आइस्क्रीम झालं. झाकण काढायच्या आधी ते चारही बाजूंनी पुसायचं, नाहीतर खारट पाणी आत गेलंच म्हणून समजा. आमच्याकडे एका वर्षी गेलं होतं. आजोबांनी तरीही वाटीभर खाल्लं, कारण पोरांनी दीड तास दांडा फिरवला होता.

हाताने फिरवलं की आत हवा फार शिरत नाही, म्हणून ते जड आणि दाट लागतं. कारखान्याच्या यंत्रात तेवढ्याच दुधाचं फुगवून जवळजवळ दुप्पट आइस्क्रीम करता येतं. आपल्याकडे नियमानेच आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम लागतं, यावरून हवा किती असू शकते ते कळेल. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचं स्निग्धांश १० टक्के तरी हवं. ते काढून वनस्पती तेल घातलं की डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं. या नावावरून २०१७ मध्ये अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात भांडले होते. तेव्हा नवं ते चांगलं असं सरसकट म्हणू नका. डबा उलटा करून वाचा.

मनीषा_वि

सगळ्यांच्या आठवणी वाचल्या. मलाही एक सांगायची आहे, जरा वेगळी.

आमचं तालुक्याचं गाव. स्टँडजवळ एक नावाजलेलं कोल्ड्रिंक हाउस होतं, आरसे आणि संगमरवर तिथेही होतं. माझे वडील शाळेत असताना त्यांना आत बसता यायचं नाही. बाहेरच्या बाकाशी थांबायचं, वेगळ्या ठेवलेल्या कपात घ्यायचं आणि तो कप स्वतः विसळून खुंटीला अडकवायचा. पुढे ते शिक्षक झाले. पहिल्या पगारातून त्यांनी आईला आइस्क्रीम खायला नेलं ते जिल्ह्याच्या गावी, तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं म्हणून. गावातल्या त्या दुकानात ते आयुष्यात बसले नाहीत. पुढे बसता येत होतं, तरीही.

आई एकटी तर कुठेच बसली नाही. बायकांसाठी मागे पडद्याची ‘फॅमिली रूम’ असायची आणि तिथेही सोबत पुरुष लागायचा.

आज माझी मुलगी मॉलमधल्या चकचकीत दुकानात मैत्रिणींबरोबर जाते. तिथे तिला आडनाव विचारत नाहीत. ती जागा तुम्हाला निर्जीव वाटत असेल, मला नाही वाटत. काका, तुमच्या बहिणीला त्या टेबलावर बोलता आलं याचा मला आनंदच आहे. पण ‘शहराने जपावं’ म्हणताना त्या खुर्च्या कुणाकुणाला मिळाल्या नव्हत्या, तेही लिहिलं जावं.

शिवाजीपार्क_७४

मनीषाताई, मी हे कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं. आमच्या दुकानात तसं काही होतं का, हे आठवायचा दोन दिवस प्रयत्न केला. मला आठवत नाही. पण मला आठवत नाही याचा अर्थ तसं नव्हतं असा होत नाही, हेही कळतं.

गल्ल्यावर_वाढलेली

मी आजवर इथे फक्त वाचत आले. हा विषय माझ्या घरचा आहे म्हणून लिहिते. गिरगावात आमचं आइस्क्रीमचं दुकान होतं, आजोबांनी काढलेलं. २०२३ मध्ये बंद केलं.

सगळे विचारतात, गिऱ्हाईक कमी झालं का? तसं नाही. शनिवार-रविवारी बसायला जागा नसायची. पण काका, तुम्ही ज्या एका तासाबद्दल इतक्या प्रेमाने लिहिलंत, त्या तासाचा हिशेब आम्ही रात्री करायचो. चार टेबलं, एका टेबलावर दोन कप, एक तास. हे कसं परवडायचं? फक्त भाड्यामुळे. दुकान पागडीचं होतं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेलं. १९४७च्या भाडेकायद्याने गोठलेलं भाडं पुढे १९९९चा कायदा आला तरी फारसं वाढलं नाही. मुंबईतली तुमची बहुतेक लाडकी दुकानं अशाच भाड्यावर उभी होती. त्या भाड्यात घरमालकाला जिन्याचा दिवाही बदलणं परवडत नसे, म्हणून इमारत खचत गेली आणि एक दिवस पुनर्विकासाला गेली. जे भाडं आम्हाला जगवत होतं त्यानेच इमारत मारली. हे मी कुणावर राग धरून लिहीत नाही, घरमालकांचे आमच्याशी संबंध शेवटपर्यंत चांगले होते.

मग कर. २०१७ मध्ये जीएसटी आला. छोट्या उत्पादकांना उलाढालीवर ठोक एक टक्का भरून मोकळं होता येतं, त्याला कंपोझिशन म्हणतात. ती सोय आइस्क्रीम बनवणाऱ्यांना नाही. पानमसाला आणि तंबाखूवाल्यांच्या रांगेत आम्हाला बसवलं. आजोबा दुधाच्या कढईवर रात्र काढायचे, त्यांच्या धंद्याला तंबाखूच्या शेजारी पाहून वडिलांना फार लागलं होतं. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने खुलासा केला की पार्लर म्हणजे हॉटेल नव्हे, तिथे ५ नाही, १८ टक्के लागणार. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये आइस्क्रीमवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. तेव्हा आमचं शटर उतरून दोन वर्षं झाली होती.

धंदा गुढीपाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत. विजेचं बिल मात्र बारा महिने, कारण उणे अठरावरचे फ्रीझर रात्रीही बंद करता येत नाहीत. पावसाळ्यात वीज गेली की वडील छत्री घेऊन दुकानात जाऊन बसायचे. करता काहीच यायचं नाही, नुसते फ्रीझरच्या झाकणावर हात ठेवून बसायचे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कंपनी फ्रीझर आणून देते आणि बिघडला तर दुरुस्तही करते. आमच्याकडे कॉम्प्रेसर गेला की पूर्ण महिन्याची कमाई जायची.

आणि पुढे चालवणार कोण? भाऊ पुण्यात संगणकावर काम करतो, मी शिकवते. आमच्या दोघांच्या फिया त्याच गल्ल्यातून गेल्या. आम्ही दुसरं काही करावं म्हणूनच ते दुकान चाललं.

पालिकेने सवलत द्यावी या म्हणण्याबद्दल: भावना पोहोचली. पण पुनर्विकासाच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर जुन्या भाडेकरूला जागा मिळते तेव्हा देखभाल खर्चच एवढा असतो की तिथे दोन कपांवर तासभर बसू देता येत नाही. काही करायचंच असेल तर तिथे काहीतरी करा.

ऋतुजा_ठाणे

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. करांचं मला काहीच माहीत नव्हतं आणि तंबाखूच्या रांगेत बसवणं चूकच आहे. पण माझा प्रश्न धागाकर्त्या काकांना आहे आणि तो टोचावा म्हणून विचारत नाही. त्या दुकानात तुम्ही शेवटचं कधी गेला होतात?

शिवाजीपार्क_७४

२०१९, गणपतीत. त्याआधी केव्हा ते आठवत नाही. बहीण अमेरिकेहून आली की जायचो. एरवी घरी डबा आणतो, कारण गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या चढवत नाहीत.

तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मी गेलो नाही म्हणून दुःख करायचा हक्क संपला, हे मान्य नाही. वाचनालयातही रोज कुणी जात नाही. ते तिथे आहे, हे माहीत असणंही उपयोगाचं असतं.

गल्ल्यावर_वाढलेली

काका, हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, गणपतीत येणारे गिऱ्हाईक वेगळंच असतं, त्यांची माणसं परगावाहून आलेली असतात, त्यांना कधी घाई करायची नाही. त्यांनी विचारलंय, बहीण अजून केक शेवटी खाते का?

पेठकरी

मी मघाशी पदार्थावर दुकान टिकतं असं ठामपणे लिहिलं. पुण्यातल्या दुकानांच्या जागा कुणाच्या मालकीच्या आहेत याचा मी विचार केला नव्हता. जागा स्वतःची असेल तर पदार्थावर टिकतं, अशी दुरुस्ती करतो.

ऋतुजा_ठाणे

माझं मत अजून तेच आहे. जुनं आहे म्हणून सवलत नको. छोटं आहे आणि स्वतः बनवतं म्हणून द्यायची असेल तर द्या, मग ते दुकान गेल्या वर्षी उघडलेलं का असेना.

मीठबर्फ, तुम्ही सीताफळाचं एवढं सांगितलंत, तर हंगाम लागला की भेंडी बाजारात जाऊन खाऊन येते आणि त्याच आठवड्यात नॅचरल्सचंही खाते. दोन्हींबद्दल इथेच लिहीन. नवं जास्त आवडलं तर तेही लिहीन, तेव्हा डबा उलटा करून वाचायला सांगू नका.