मर्ढेकरांच्या कवितेतील प्रेम आणि मरण : मदत हवी आहे

नमस्कार. दादरच्या आमच्या वाचनमंडळात पुढील महिन्यात मला बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेतील जीवन, मृत्यू आणि प्रेम या विषयावर बोलायचे आहे. १९३९च्या ‘शिशिरागम’मधील हळवी प्रेमकविता आणि १९४७च्या ‘काही कविता’मधील, पिंपात मेलेल्या उंदरांचे ओठ ओठांना मिळतात पण त्यात आसक्ती नाही असे सांगणारी कविता, यांच्यातील अंतर कसे उलगडावे? महायुद्ध आणि यंत्रयुग ही नेहमीची कारणे मला अपुरी वाटतात. प्रेमाची ओढ तिथेही शाबूत आहे, म्हणूनच ते मरण इतके झोंबते, असे माझे मत आहे. या दृष्टीने ‘आणखी काही कविता’मधील कोणत्या कविता वाचाव्यात आणि कोणते समीक्षालेखन पाहावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.