घाटात बॅटरीचा दिवा मंद पेटतो नि स्टिअरिंग जड होतं, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच गेलाय का? (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट मदत हवी आहे. गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, माझी शाळा कासच्या बाजूला असल्यामुळं रोज यवतेश्वर घाट चढउतार. पुढच्या आठवड्यापासून आईला डायलिसिसला कराडला न्यायचंय, हायवेला मधेच गाडी बंद पडली तर तिचे हाल होतील म्हणून आत्ताच लिहितोय.

सपाटीला काहीच त्रास नाही. संध्याकाळी उतरताना पाऊस धुकं असतं, हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू, आणि वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद पेटतो, अंधार असेल तरच कळतो, मागोमाग ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) पिवळा दिवा येतो नि स्टिअरिंग दगड होतं. गाडी बंद करून परत सेल्फ मारला की ईपीएस ठीक. सकाळी सेल्फ पण जड फिरतो, त्यासाठी दिवाळीत नवीन बॅटरी टाकली, फरक शून्य.

एका वायरमननं स्कॅनर लावला, लो व्होल्टेजचा कोड आला, म्हणाला डायनामो (म्हणजे अल्टरनेटरच) बदला. दुसरा म्हणतो ईपीएसची मोटर गेली, ती तर मला परवडणारच नाही.

मी मिटरनं बॅटरीवर बघितलं. रात्रभर उभी गाडी १२.६ व्होल्ट, चालू करून लोड नसताना १४.१, सगळं चालू केलं की १२.९, रेस दिली तरी १३ च्या वर जात नाही. बेल्ट नवीन आहे, ओरडत नाही. अल्टरनेटर मेला असता तर १४.१ आले असते का?

प्रतिसाद:
सर, येऊ शकतात. आतला एखादा डायोड गेला किंवा कार्बन ब्रश झिजले तरी विनालोड १४ दाखवतं, त्यामुळं त्यावरून ठरवू नका. सगळा लोड चालू ठेवून अल्टरनेटरवरच मोजा, तांबडी प्रोब मागच्या जाड वायरच्या बोल्टला, काळी त्याच्या बॉडीला. तिथं पण १२.९ असेल तर वायरमन बरोबर. तिथं १४ असेल तर करंट वाटेत अडतोय, मग काळी बॅटरीच्या मायनस खांबावर आणि तांबडी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग (इंजिनकडून बॅटरीच्या मायनसपर्यंतची करंटची वाट) खराब. ईपीएस वळणावर भरपूर अँपियर खेचतं, व्होल्टेज पडलं की तेच आधी रुसतं, मोटरला हात लावू नका. आणि कुणी गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघतो म्हणाला तर अजिबात काढू देऊ नका, व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतो.

प्रश्नकर्ता:
दादा, खूप खूप आभार! अल्टरनेटरवर १४.०, आणि इंजिन ते मायनस चक्क ०.९. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सवरून चॅसीला येणारी अर्थिंगची विणलेली पट्टी हिरवी पडलीय, निम्म्या तारा तुटल्यात. म्हणजे सेल्फचा करंट पण ह्याच पट्टीतून परत जाणार ना, म्हणून तो जड फिरत होता! तयार पट्टी इथं मिळत नाहीये, वेल्डिंगची केबल चालेल का, जाडी किती घेऊ?

प्रतिसाद:
चालेल, तांब्याचीच घ्या, ३५ स्क्वेअर एमएम. दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) नीट दाबून घ्या, नुसतं सोल्डर नको. आधी बॅटरीचं मायनस काढा, मग दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, रंग राहिला तर फायदा नाही, बोल्ट आवळला की वरून ग्रीस. इंजिन हलतं त्यामुळं केबल ताणून बसवू नका, थोडी ढिली ठेवा. झालं की घाटात न्यायच्या आधी घरीच सगळा लोड लावून तेच ०.९ वालं रीडिंग परत घ्या नि इथं टाका.