नवी फायबर बोट नाक आपटते, उजवीकडे ओढते. काय करावं? (बजेट ४००० रु.)

हतनूर_१६फुटी (धागाकर्ता)
रामराम मंडळी. हतनूर धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करतो. संस्थेचा परवाना आहे, त्यावरून कोणी सुरू होऊ नका. आतापर्यंत वल्ह्याची होडी होती. यंदा १६ फुटी, सपाट बुडाची फायबर बोट बांधून घेतली. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन, हाताच्या दांड्याचं. दोन आठवड्यांत जीव मेटाकुटीला आला.

रेस अर्ध्याच्या वर गेली की नाक वर-खाली, वर-खाली. सारंगखेड्याच्या बाजारातलं बिनशिकलेलं घोडं परवडलं. दांडा जरा सैल सोडला की उजवीकडे पळते. वळवताना आडवी घसरत जाते, आणि त्याच वेळी इंजिन एकदम किंचाळतं अन् ताकद गायब.

मागे मी (८२ किलो), २४ लिटरची टाकी आणि बर्फाची पेटी. जाळं मधे. आबा पुढे बसले की बोट शहाण्यासारखी चालते, पण आबा रोज येत नाहीत. बजेट ४०००, कारण बाकी सगळं बोटीतच बुडालंय (अजून खरोखर नाही).

उकाईवाला_नवापूर
९.९ म्हणजे खेळणं आहे भाऊ. मी २५ लावलंय. आमच्याकडे फुगवट्यात वारा सुटला की लहान इंजिनवाले काठाला बसून बघत राहतात. विकून टाक, २५ घे, प्रश्न मिटला.

हतनूर_१६फुटी
बजेट ४००० लिहिलंय दादा. आणि बोटीला २५ चालतं का तेही माहीत नाही.

उकाईवाला_नवापूर
चालतं. मी लावलंय ना.

रावेरचा_केळीवाला
इथे केळीला भाव नाही आणि लोक बोटी घेताहेत. बरंय तुमचं.

इंजिन_फिटर_भुसावळ
२५ चं ऐकू नका. किती हॉर्सपॉवर झेपतं ते बांधणाऱ्याला विचारायचं असतं. जड इंजिन मागे टांगलं तर तुमचं नाक अजून वर जाईल.

पैसे खर्चायच्या आधी दोन गोष्टी बघा. १) इंजिनच्या ब्रॅकेटला मागच्या फळीजवळ एक आडवी पिन असते, तिच्यासाठी ब्रॅकेटला चार-पाच भोकं असतात. पिन बोटीपासून लांबच्या भोकात असेल तर इंजिनचा पाण्यातला पंखा बाहेर फेकलेला राहतो, नाक उचलतं आणि आपटतं. एक भोक आत घ्या, चालवून बघा, मग पुढचं. २) पंख्याच्या वर एक आडवी पाती असते. ती बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा त्याखाली इंचभरापर्यंत हवी. वर असेल तर पंखा हवा ओढतो, तेच तुमचं किंचाळणं. मापं घेऊन इथे टाका.

नाशिकहून_सुट्टीला_आलेला
त्या आडव्या पातीवर बसवायचे प्लास्टिकचे पंख मिळतात, डॉल्फिनच्या शेपटीसारखे. मी बसवले, नाक एकदम शांत. पाहिजे तर फोटो टाकतो.

इंजिन_फिटर_भुसावळ
नाक शांत होतं, खरंय. पण पात्याला भोकं पाडावी लागतात आणि मूळ चूक तशीच राहते. आधी फुकटातलं बघू द्या.

टू_स्ट्रोक_जिंदाबाद
मूळ चूक म्हणजे फोर स्ट्रोक घेणं. त्याच ताकदीचं टू स्ट्रोक उचलून बघा, किलोंचा फरक हाताला कळतो. तो सगळा फरक तुमच्या ढुंगणामागे लटकतोय. पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल टाकायचं, झालं.

गिरणेकाठचा_मास्तर
आणि धूर कोणी खायचा? फोर स्ट्रोक कमी पेट्रोल पितं. आजच्या भावात ते किलो परवडतात.

टू_स्ट्रोक_जिंदाबाद
मास्तर, धूर मागे जातो. बोट पुढे जाते.

भोई_प्रकाशा
पोरा, बोट चांगली शे, वजन चुकीना जागे शे. म्होरे दोन धोंडा ठेव. आम्हना बाप असंच करे.

गिरणेकाठचा_मास्तर
बाबा, धोंडे नकोत. बोट पाण्याने भरली तर धोंडा तळ दाखवतो, आणि कलली तर तो गडगडत खालच्या बाजूला जातो. २० लिटरचे दोन कॅन पाण्याने भरून पुढे बांधायचे. वजन तेवढंच, पण बोट बुडायला लागली तर पाण्यातलं पाणी खाली ओढत नाही. नको असेल तेव्हा ओतून द्या.

भोई_प्रकाशा
तापीमा पाणी भरेल शे अन् तू बोटमा पाणी भरस? धोंडा फुकट शे.

एरंडोलकर_७७
पिनचं भोक बघा. बहुतेक ती बाहेरच्या भोकात असेल. एक एक करून आत घ्या.

इंजिन_फिटर_भुसावळ
हेच मी वर लिहिलंय.

एरंडोलकर_७७
हो, अनुमोदन देत होतो.

चाळीसगावचा_आप्पा
आडवं घसरण्यावर कोणी बोललंच नाही. सपाट बुडाला पाण्यात पकड नसते, ताटलीसारखी सरकते. बुडाला मधोमध उभी पट्टी लागते. मी लाकडाची लावली, स्क्रूने. आणि तिथेच फसलो. स्क्रूची भोकं नीट बुजली नव्हती, वरची फळी आणि खालचं बूड यांच्या मधल्या पोकळीत पाणी गेलं. महिनाभर बोट रोज थोडी जास्त जड लागायची, मी इंजिनला शिव्या देत होतो. शेवटी काठावर नाक उंच करून मागचं बूच काढलं तर पाणी थांबेचना. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते एका जागी राहत नाही, वळलं की सगळं खालच्या कुशीला धावतं. तुमचीही अशी दुहेरी फळी असेल तर आधी बूच काढून बघा. नवी आहे म्हणून कोरडीच असेल असं नाही.

हतनूर_१६फुटी
आप्पा, आज बूच काढलं. कपभर निघालं, ते बहुतेक पावसाचं.

फिटरदादा, मापं: पिन आधीपासूनच सगळ्यात आतल्या भोकात आहे. मागची फळी १७ इंच उंच, इंजिन १५ इंची, म्हणजे आखूड शाफ्टचं (फळीवरून पंख्याकडे खाली जाणारा भाग आखूड). पाती बुडापेक्षा दोन बोटं वर दिसते. आणि मागची फळी जवळजवळ सरळ उभी आहे. दुसऱ्यांच्या बोटींची जरा मागे कललेली असते तशी नाही.

इंजिन_फिटर_भुसावळ
सापडलं. इंजिन बनवणारा धरून चालतो की फळी वरच्या बाजूला मागे कललेली असेल, साधारण १२ अंश. सरळ फळीवर टांगलं की पिन आतल्या भोकात असूनही पंखा बाहेरच राहतो. मग नाक उचलणारच. उपाय पाचर. सागाची किंवा जाड प्लायची, वर जाड, खाली निमुळती, क्लॅम्प आणि फळी यांच्या मधे. सुताराकडून करून घ्या. पण क्लॅम्पच्या भरवशावर राहू नका, आरपार बोल्ट हवेत.

दोन बोटं उंचीसाठी फळीला मधोमध खाच पाडून इंजिन खाली घ्यावं लागेल. कापलेली कड रेझिनने नीट बंद करा, नाहीतर आतलं प्लाय कुजतं. दोन्ही कामं ४००० मधे बसतील.

उकाईवाला_नवापूर
नव्या बोटीला आरी? मी असतो तर बांधणाऱ्याच्या दारात नेऊन टाकली असती.

हतनूर_१६फुटी
गेलो होतो. म्हणाला, "सगळे असंच घेतात."

मुक्ताईनगर_पक्षीप्रेमी
विषय सोडून विचारतो, आपण धरणाच्या कोणत्या बाजूला असता? हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात, त्यांच्या मधून इंजिन घालू नका ही विनंती.

हतनूर_१६फुटी
त्या बाजूला गाळ आणि पाणवनस्पती इतकी आहे की पंखा गुंडाळून निघतो. तुमची बदकं सुरक्षित आहेत.

टू_स्ट्रोक_जिंदाबाद
उजवीकडे ओढण्याचं काय? पंखा उजवा फिरतो, त्याची ओढ येतेच. पंख्याच्या वर मागच्या बाजूला छोटं पातं असेल तर बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला त्याचं मागचं टोक थोडं वळवायचं.

एरंडोलकर_७७
उलट्या बाजूला.

इंजिन_फिटर_भुसावळ
त्याच बाजूला. यावेळी टू स्ट्रोक बरोबर आहे.

टू_स्ट्रोक_जिंदाबाद
"यावेळी"?

हतनूर_१६फुटी
माझ्या इंजिनला ते पातंच नाही.

इंजिन_फिटर_भुसावळ
लहान इंजिनांना बरेचदा नसतं. मग दांड्याचा आवळायचा स्क्रू थोडा घट्ट करा, हात हलका होतो. आणि तुम्ही डाव्या हाताने दांडा धरून उजव्या कुशीला बसत असाल, म्हणजे बोट आधीच उजवीकडे कललेली. टाकी डावीकडे सरकवा.

गिरणेकाठचा_मास्तर
इथे एक सांगायलाच हवं. दांड्याचं इंजिन ओढतं तेव्हा लोक आवळून ठेवतात आणि हात सोडतात. गिरणा धरणात मी जाळं सोडवायला वाकलो आणि पाण्यात. इंजिन बंद करणारी लाल दोरी हाताला नव्हती, खुंटीला लटकवलेली. बोट माझ्याभोवती गोल फिरायला लागली. चालवणारा पडला की ती गोलच फिरते आणि पंखा तुमच्याकडेच परत येतो. दोन वेळा बुडी मारली. तिसऱ्या वेळी ती बाभळीच्या खोडावर अडकली म्हणून मी हे लिहितोय. तेव्हापासून दोरी मनगटाला, जॅकेट अंगात. बायको म्हणते घरातही घालून बसा.

भोई_प्रकाशा
मास्तर, देवनी वाचाडं.

हतनूर_१६फुटी
मंडळी, सगळ्यांचे आभार. जे केलं ते सांगतो, शिव्या नंतर द्या.

आरी चालवली नाही. पाचरही केली नाही. दांड्याच्या मुठीवर अडीच फुटांचा पीव्हीसी पाइप चढवला, होज क्लिपने आवळला आणि मधल्या फळीवर जाऊन बसलो. पेटी पुढे नेली, टाकी डावीकडे. आबांच्या जागी आता मीच. नाक ऐंशी टक्के शांत. पूर्ण रेसवर थोडं डुलतं, तेव्हा रेस कमी करतो.

इंजिन_फिटर_भुसावळ
नाक बसलं, पण मागची बाजू अजून वर आली असेल. पंखा जास्त हवा ओढेल.

हतनूर_१६फुटी
ओढतो. वळणावर रेस कमी करतो, मग नाही ओढत. घसरणंही त्यानेच कमी झालं.

नाशिकहून_सुट्टीला_आलेला
पाइप मुठीवरून निसटला तर?

हतनूर_१६फुटी
मूठ आणि पाइप यांच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय. मास्तरांचं वाचून लाल दोरी लांब केली, मनगटाला बांधली आणि ओढून पाहिली. इंजिन बंद होतं.

गिरणेकाठचा_मास्तर
काठावर नाही, पाण्यात ओढून पाहिली का?

हतनूर_१६फुटी
पाण्यात.

चाळीसगावचा_आप्पा
मग ४००० चं काय केलं?

हतनूर_१६फुटी
पाइप, क्लिपा वगैरे मिळून तीनशेच्या आत. बाकीच्याचं जाळं घेतलं. काल त्यात एक कटला आला, आबांनी उचलला तेव्हा त्यांची कंबर धरली.

रावेरचा_केळीवाला
किती किलोचा? आणि काय भावाने दिला?

उकाईवाला_नवापूर
२५ असतं तर जाळं घेऊन आधी पोहोचला असतास. तुझी मर्जी.