डेंटल खुर्चीच्या पाण्याला वास येतो

प्रश्न: धरमपेठेत माझं क्लिनिक आहे. रविवारी बंद, मे महिन्यात आत भट्टी. सोमवारी थ्री-वे सिरिंजच्या (तोंडात पाणी-हवा मारायच्या पिचकारीच्या) पाण्याला कुबट वास येतो. खुर्चीच्या बाटलीत तर आरओचंच पाणी भरते मी!

उत्तर १: ताई, आरओनं नळी साफ होत नाही नं. बारीक नळीत पाणी थांबलं की आतून बुळबुळीत बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा थर, धरते. दर पेशंटनंतर २०-३० सेकंद पाणी सोडाच, पण त्यानं थर निघत नाही. खुर्चीच्या कंपनीनं सांगितलेलं जंतुनाशक नळीत फिरवा, मग नमुना तपासा. मिलिलिटरला ५०० सीएफयूच्या (जिवंत जंतू मोजायचं एकक) आत हवं.

उत्तर २: अन् अक्कलदाढ कापून काढताना स्टराईल सलाईनच. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला पल्पोटॉमी (दुधाच्या दातातला किडलेला गर काढणं) केलेल्या लहान मुलांना अशाच पाण्यातून मायकोबॅक्टेरियम या जंतूचा संसर्ग झाला होता.

प्रश्नकर्ती: नमुना घ्यायच्या आधी पाण्यात क्लोरीन टाकायला लागतं का?

उत्तर १: टाकायचं काय, आधीचं उरलेलं असलं तरी नमुना सोडियम थायोसल्फेटच्या बाटलीत घ्या, ते क्लोरीनचा असर घालवतं. नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येईल.