घरपट्टी: थकबाकी, ऑनलाइन भरणा आणि वडिलांचं नाव

देवपूरकर: राम राम मंडळी. धुळ्याला देवपूरमध्ये वडिलांच्या नावावर घर आहे. ते आता हयात नाहीत, मी पुण्यात असतो. बिलात मागील थकबाकी ₹9,000, वर शास्ती (उशिराचा दंड) आणि चालू मागणी, म्हणजे यंदाचा कर, वेगळी दाखवली आहे. नुसती चालू मागणी भरून सवलत घेता येईल का? ऑनलाइन भरलं तर पुढे काही भानगड होत नाही ना? शिंदखेडा तालुक्यात गावठाणातलंही एक घर आहे, त्याचं कसं करायचं?

पांझराकाठ: दादा, आधी थकबाकीचा हिशेब बघा. महापालिका असो की नगरपालिका, मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. तुमच्या 9,000 वर महिन्याला 180, वर्षाला 2,160. बँकेतल्या ठेवीवर याच्या निम्मंसुद्धा व्याज मिळत नाही, तेव्हा पैसे ठेवून कर लांबवण्यात काही अर्थ नाही.

नुसती चालू मागणी भरायचं डोक्यातून काढा. आलेला पैसा आधी जुन्या येण्यात वळता होतो. पूर्ण येणं फिटलं नाही तर चालू वर्षाच्या खात्यावर थकबाकी तशीच उभी राहते आणि शास्तीचं मीटर चालू राहतं. आगाऊ भरण्याची सवलतही बहुतेक ठिकाणी थकबाकी नसणाऱ्यालाच देतात. तिचा दर आणि तारीख दरवर्षी ठरते, म्हणून यंदाचं बिल किंवा जाहीर सूचना बघा, मागच्या वर्षीच्या आकड्यावर जाऊ नका.

शास्ती माफीची अभय योजना किंवा राष्ट्रीय लोकअदालत लागली तर सूट मिळू शकते. पण ती शास्तीत मिळते, मूळ कर भरावाच लागतो. योजनेची वाट बघत दोन वर्षं काढली आणि ती आलीच नाही, तर 9,000 वर 4,320 चढलेले असतात.

भरण्याआधी बिलातले रकाने वाचा. रोजगार हमी कर हा बिगरनिवासी वापरावर असतो. निव्वळ राहत्या घराच्या बिलात तो दिसला, तर पुढच्या खोलीचं शटर बघून कुणीतरी घर दुकानात धरलंय. आधी वापराची नोंद दुरुस्त करायचा लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. वलवाडीसारख्या हद्दवाढीत आलेल्या भागात घर असेल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या पावत्या फेकू नका. आधी भरलेली रक्कम थकबाकीत निघाली तर त्याच कामी येतात.

तापीकाठचा_अकाउंटंट: ऑनलाइनचं सांगतो. महापालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा, किंवा फोनपे, गूगल पे यांच्या 'म्युनिसिपल टॅक्स' यादीत तिचं नाव असेल तर तिथून. एसएमएसमध्ये आलेल्या लिंकवर पैसे भरू नका.

सगळी गडबड मालमत्ता क्रमांकात होते. फेरसर्वेक्षण झालं की नवा क्रमांक पडतो आणि लोक जुन्या पावतीवरचा टाकतात. क्रमांक टाकल्यावर दिसणारं नाव, प्रभाग आणि रक्कम तिन्ही हातातल्या बिलाशी जुळली तरच पुढे जा. पाणीपट्टीचा ग्राहक क्रमांक वेगळा असू शकतो, तो इथे टाकू नका.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. यूपीआयने व्यापाऱ्याला किंवा संस्थेला केलेला असा व्यवहार व्यवहाराच्या तारखेनंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवा. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला ₹100 भरपाई आहे. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. 31 मार्चच्या रात्री तर भरायला बसूच नका, सगळा जिल्हा तेव्हाच बसलेला असतो.

चेक देणार असाल तर मागे मालमत्ता क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहा. चेक वटला नाही तर पावती रद्द होते आणि सवलत जाते.

आप्पा_शिंदखेडा: गावचा मामला वेगळा. ग्रामपंचायतीत पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत भरलं तर 5 टक्के सूट, 31 मार्च ओलांडला तर 5 टक्के दंड. आधी ग्रामसेवकाकडून नमुना 8 चा उतारा मागा. त्यात बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि आकारणी असते. मातीचं धाब्याचं घर पडून नुसती जागा उरली तरी उतारा तसाच चालू असलेला खूप दिसतो, आणि कर घराचा लागत राहतो.

पैसे दिले की नमुना 10 ची पावती घ्या, वहीतली सही चालणार नाही. दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी त्यातच वेगवेगळी लिहून घ्या. गावातल्या भाऊबंदाकडे पैसे दिले असतील तर पावतीचा फोटो त्याच दिवशी मागा.

देवपूरकर: वडिलांच्या नावावरच भरलं तर चालेल का?

पांझराकाठ: चालतं. पैसे कुणीही भरावेत, पावती नोंदीतल्या नावाने निघते. पण नाव लावायचं काम लांबवू नका. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची संमती आणि थकबाकी नसल्याचा दाखला जोडून अर्ज करा. काही ठिकाणी वारस दाखलाच मागतात, तेवढं आधी विचारून घ्या. म्हणजे हिशेब असा: आधी थकबाकी, मग नाव. आणि घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. नगर भूमापनकडच्या मिळकत पत्रिकेला (प्रॉपर्टी कार्डाला) वारस नोंद वेगळी करावी लागते, ती राहून गेली तर विकायच्या वेळी अडतं.