मदत हवी आहे: बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानात फोटो काढायचे आहेत

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं बंद असलेल्या एका मनोरंजन उद्यानात फोटो काढायची लेखी परवानगी मालकांकडून मिळाली आहे. हातात फक्त एक सकाळ आहे. युक्रेनमधल्या प्रिप्यात या ओसाड शहरातला पिवळ्या डब्यांचा आकाशपाळणा फोटोत पाहिला तेव्हापासून हे वेड लागलंय. तिथलं उद्यान १ मे १९८६ ला सुरू व्हायचं होतं आणि २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तो पाळणा मनातून जातच नाही.

मुख्य अडचण उजेडाची आहे. मी जाणार त्या उद्यानातल्या पाळण्यामागे आकाश लख्ख, लोखंड मात्र गंजून काळपट. आकाश सांभाळलं तर गंजाचा पोत अंधारात जातो, उलट केलं तर आकाश पांढरंफटक. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे (म्हणजे कमी-जास्त उजेड घेतलेले) तीन फोटो घेऊन नंतर जोडावेत का? वाऱ्याने डबे हलले तर कडा दुहेरी दिसतील, ही भीती आहे. भुताच्या बंगल्यात तर मिट्ट काळोख. तिथे ट्रायपॉडवर ३० सेकंदांचं एक्स्पोजर ठेवून टॉर्चचा उजेड भिंतींवरून फिरवायचा विचार आहे. कुणी केलंय का असं? टॉर्च किती वेगाने फिरवावा?

कुठल्याही राइडवर चढणार नाही, हे नक्की. गंजलेलं लोखंड वरून धड दिसतं आणि आतून पोकळ निघतं. जाड तळव्यांचे बूट आहेत, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालंय. पण जुन्या छपरांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, त्याला कापडी मास्क पुरणार नाही ना? मग कोणता घ्यावा?

अजून एक, धुळीत लेन्स बदलावी की वाइड अँगलवरच सगळं निभवावं?