अडीच फूट उंचीची रीफ टाकी आणि १० मिमी काच

४ बाय २ फुटांच्या अडीच फूट उंच रीफ टाकीला (खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायच्या टाकीला) १० मिमी काच पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपया तो धोका पत्करू नका. दाब टाकीच्या लांबीवर नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतो. मी १५ मिमी घेतली, वर आडव्या पट्ट्याही लावल्या. पाणीच साधारण ५६५ लिटर, म्हणून फ्लॅट असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पण रोजचा खरा प्रश्न हाताचा आहे. माझा हात खांद्यापर्यंत बुडवूनही तळाला जेमतेम टेकतो. एखादा कोरल मागच्या कोपऱ्यात पडला की लांब चिमट्याने उचलताना शेजारचे दोन दुखावतात. म्हणून मागे हात फिरेल एवढी मोकळी जागा सोडा, खडक भिंतीला टेकवू नका. तळाशी प्रवाह मंदावतो, तिथे घाण साचून लाल थर धरतो. एक पंप खालीच हवा. प्रकाशही खाली कमी पोचतो, तिथे मशरूम कोरल छान राहतात.

आणि कठीण कोरल विकत घेण्याआधी थांबा: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. उन्हाळ्यात वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप मात्र आजच आणा.